हातातले पाते: वडवणीचा कोयता

दरवर्षी दिवाळीपर्यंत बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यातल्या कितीतरी घरांना कुलपे लागलेली असतात. दसरा झाला की तांड्यांवरून, वाड्या-वस्त्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे ऊस तोडायला निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी सातारा-सोलापूरकडे, कोणी सीमा ओलांडून बेळगाव-बागलकोटकडे. गाडीत बाजरीच्या पिठाची पोती असतात, हंडे-कळश्या असतात, कोपीसाठी, म्हणजे फडावरच्या झोपडीसाठी, ताडपत्री असते, एखादी शेळी असते, आईच्या मांडीवर तान्हे मूल असते. आणि गोणपाटात गुंडाळून, लेकरांचा हात पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात खोचून ठेवलेले कोयते असतात.

तवा विसरला तर शेजारच्या कोपीतून मागून आणता येतो. कोयता असा मागता येत नाही. दुसऱ्याच्या हाताला बसलेला कोयता आपल्या हातात नीट चालत नाही आणि फडावर कोणाचाच कोयता दिवसभर रिकामा नसतो. म्हणून नवा घ्यायचा की जुन्यालाच धार काढायची, मूठ बदलायची की तशीच ठेवायची, हे सगळे निर्णय घर सोडण्याआधीच होतात. पुढचे पाच-सहा महिने रोज पहाटेपासून अंधार पडेपर्यंत तेच पाते हातात राहणार असते.

रोजच्या वापराचे पाते कसे निवडावे, कसे बाळगावे, यावर जगभर पुष्कळ लिहिले जाते. खिशात मावणारे चाकू, एका मुठीत दहा अवजारे सामावणारी बहुपयोगी साधने, त्यांचे पोलाद आणि त्यांच्या किमती यांची चर्चा हौशी लोक मोठ्या चवीने करतात. बीड-परळी रस्त्यावरच्या वडवणीत हाच प्रश्न हौसेचा नाही, पोटाचा आहे. बालाघाटच्या डोंगररांगांच्या कुशीतला हा तालुका ऊसतोड कामगारांचा तालुका म्हणून ओळखला जातो. त्यामुळे पात्याच्या निवडीचा विचार इथूनच सुरू करणे योग्य ठरेल.

घाव किती?

कोयत्याची निवड समजून घ्यायची तर आधी कामाचे गणित समजून घ्यावे लागते. नवरा-बायकोची एक जोडी दिवसाला साधारण दीड ते दोन टन ऊस तोडते. एक ऊस सरासरी एक ते सव्वा किलोचा धरला तर टनाला आठशे ते हजार ऊस होतात. दोन टन म्हणजे सोळाशे ते दोन हजार ऊस. प्रत्येक उसावर निदान दोन घाव पडतात, एक बुडख्याशी आणि एक शेंड्याशी. म्हणजे जोडीचे दिवसाचे घाव तीन-चार हजारांच्या घरात जातात. एका माणसाच्या मनगटावर त्यातले निम्मे येतात.

आता कोयत्याच्या वजनात शंभर ग्रॅमचा फरक धरून पाहा. दोन हजार घावांत तो फरक दोनशे किलोचा होतो. हे वजन माणूस दिवसभरात जास्तीचे उचलतो किंवा वाचवतो. म्हणून अनुभवी तोडकरी दुकानात कोयता हातात घेतला की आधी तो हवेत दोन-चार वेळा फिरवून पाहतो. भार पात्याच्या टोकाकडे फार गेला असेल तर घाव जोरात बसतो, पण संध्याकाळी मनगट सुजते. भार मुठीकडे आला तर हात हलका चालतो, पण जाडजूड आडसाली उसाला एका घावाऐवजी दोन लागतात. दोन्हींच्या मधला तोल ज्याचा त्याने शोधायचा असतो.

घाव कुठे बसतो, यालाही मोल आहे. उसात साखर सर्वांत जास्त असते ती खालच्या कांड्यांत. जमिनीच्या वर चार-सहा इंच बुडखा राहिला तर शेतकऱ्याचे वजन जाते, कारखान्याचा उतारा जातो आणि खोडव्याचे फुटवेही जमिनीखालच्या जोमदार डोळ्यांऐवजी वरच्या डोळ्यांतून कमकुवत निघतात. म्हणून ऊस जमिनीलगत तोडण्याचा आग्रह असतो. त्यासाठी कमरेत पूर्ण वाकावे लागते आणि पात्याला असा बाक लागतो की धार जमिनीला समांतर येईल, पण मातीत रुतणार नाही. सरळ पात्याने एवढ्या खाली तोडायला गेले की बोटांची पेरे ढेकळांवर आपटतात. कोयत्याचा बाक या गरजेतून आलेला आहे.

त्याच पात्याने पुढे पाचट सोलायचे, वाढे छाटायचे, लांब ऊस मधोमध तोडायचा. वाढे बैलांना आणि विकायला जातात. मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. एवढ्या कामांना अवजार एकच. बहुपयोगी साधन याहून वेगळे काय असते?

पाट्याचे पोलाद

चांगला कोयता बहुतेकदा मोटारीच्या पाट्याचा असतो. ट्रकच्या चाकांवर कमानीसारख्या एकावर एक बसवलेल्या पट्ट्या भंगारात निघतात. लोहारांचा त्यांच्यावर जीव असतो. या पोलादात कार्बनचे प्रमाण सुमारे अर्धा ते ०.६ टक्का असते. एवढ्या कार्बनमुळे पात्याला कडकपणा देता येतो. मूळ काम धक्के सोसण्याचे असल्यामुळे त्यात चिवटपणाही असतो. ऊस तोडणाऱ्या पात्याला हेच दोन गुण लागतात. नुसते मऊ लोखंड असेल तर धार तासाभरात वळते. फार कडक पोलाद असेल तर गाठीवर किंवा दगडावर बसताच कपचा उडतो.

पाटा भट्टीत लाल करून ऐरणीवर घणाने ठोकतात, पाते ओढतात, बाक देतात. मग येते सर्वांत नाजूक काम, पाणी देण्याचे. पाते ठरावीक लालीपर्यंत तापवायचे आणि धारेची बाजू झटक्यात थंड करायची. पोलाद साधारण ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास चुंबकाला चिकटायचे थांबते, हे प्रयोगशाळेत मोजता येते. भट्टीसमोर बसलेला लोहार मात्र ते रंगावरून ओळखतो. म्हणूनच बरेच लोहार हे काम सावलीत किंवा सांजवेळी करणे पसंत करतात, कारण भर उन्हात लालीची छटा नीट दिसत नाही. थंड केल्यावर पाते काचेसारखे ठिसूळ झालेले असते. ते पुन्हा हलके तापवून त्याचा ताठा थोडा उतरवावा लागतो. ही शेवटची पायरी गाळलेला कोयता पहिल्या आठवड्यातच तुटतो.

गावगाड्यात लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याच्या जोडीला मराठवाड्यात घिसाडी येतात. महाराष्ट्राच्या यादीत ही जमात भटक्या जमाती (ब) प्रवर्गात आहे. संसार पाठीवर घेऊन गावोगाव फिरणारी ही कुटुंबे रस्त्याकडेला भाता लावतात. पुरुष सांडशीने तापलेले लोखंड धरतो आणि बाई उभी राहून घण घालते. ऊसतोडीला जाणारे कुटुंब आणि कोयता घडवणारे कुटुंब ही दोन्ही पोटासाठी फिरणारी. त्यांची गाठ दसऱ्याच्या तोंडावर एखाद्या बाजारात पडते आणि तिथे पुढच्या सहा महिन्यांचे अवजार ठरते.

आता बाजारात यंत्रावर कापलेले, रंगवलेले, एकसारखे कोयतेही मिळतात. ते स्वस्त असतात आणि दिसायला देखणे असतात. घेताना त्यांची परीक्षा करावी. पाते नखाने टिचकी मारून वाजवावे. नाद स्वच्छ आणि लांब आला तर सहसा आत चीर नसते, भदभद आवाज आला तर तो कोयता बाजूला ठेवावा. धारेवर कानस हलकेच फिरवून पाहावी. कानस लोण्यात शिरल्यासारखी शिरली तर पाणी दिलेलेच नाही. अजिबात लागली नाही, नुसती घसरली, तर पाते फार कडक आहे आणि फडावर त्याला धार काढणे जमणार नाही. कानस थोडी अडत-अडत चालते तो कोयता घ्यावा.

मूठ ही वरवरची गोष्ट वाटते, पण हाताला फोड येतात ते मुठीमुळेच. बाभळीसारखे चिवट लाकूड बहुतेकांना आवडते. मूठ हाताच्या घेराला बसली पाहिजे. फार बारीक असेल तर बोटे तळहातात रुततात आणि पकड घट्ट ठेवायला जास्त जोर लागतो. फार जाड असेल तर घामाने निसटते. बायकांचे हात लहान असतात, तरी त्यांच्या हाती अनेकदा पुरुषांच्या मापाचाच कोयता येतो. कापडाची पट्टी गुंडाळून त्या तो आपल्या हातासारखा करून घेतात. लोहाराला सांगून लहान घेराची मूठ बसवून घेणे फार खर्चाचे नाही. मात्र ते घर सोडण्याआधीच सांगावे लागते.

धार राखणे

फडावर तोडकऱ्याजवळ कोयत्याइतकीच महत्त्वाची दुसरी वस्तू असते, ती म्हणजे कानस. सकाळी कामाला लागण्याआधी आणि दिवसातून पुन्हा एक-दोनदा पात्यावर कानस फिरते. धार बोथट झाली की माणूस नकळत जास्त जोर लावतो. जोर वाढला की घाव चुकतो आणि चुकलेला घाव उसावरून घसरून डाव्या हातावर किंवा नडगीवर येतो. बोथट पाते जास्त धोक्याचे असते, हे स्वयंपाकघरातल्या विळीपासून फडावरच्या कोयत्यापर्यंत सगळीकडे खरे आहे.

बाजारात विजेच्या चाकावर धार काढून मिळते, ती झटपट असते. पण चाकावर पाते जास्त दाबले आणि धारेला निळी झाक आली, तर तिथले पोलाद तीनशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापलेले असते आणि लोहाराने दिलेला कडकपणा तिथे उतरलेला असतो. अशी धार दिसते तेज, पण टिकत नाही. चाकावर धार काढायचीच असेल तर पाते मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगावे.

उसाचा रस थोडा आम्लधर्मी असतो. तो पात्यावर रात्रभर राहिला तर सकाळी गंज दिसतो. साध्या पाट्याच्या पोलादाला गंज लवकर धरतो. संध्याकाळी पाते पाण्याने धुऊन, पुसून त्यावर तेलाचे बोट फिरवणे एवढाच उपाय आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाला तेवढेही त्राण नसते, हेही खरे आहे.

बाळगण्याची रीत

कोकणात माडावर चढणाऱ्याचे दोन्ही हात झाडाला हवे असतात. म्हणून तो कमरेला मागच्या बाजूस आकडी बांधतो आणि कोयती तिच्यात अडकवतो. वर गेल्यावर हात मागे नेऊन ती काढायची, काम झाले की न पाहता पुन्हा अडकवायची. पाते शरीरापासून वेगळे राहते आणि क्षणात हाती येते. अवजार आणि ते बाळगण्याचे साधन एकत्र विचार करून घडवल्याचा हा उत्तम नमुना आहे. ऊसतोडीच्या कोयत्याला असे घर क्वचितच लाभले. तो हातात, खांद्यावर, मोळीत खोचून किंवा गाडीच्या फळीखाली सरकवून नेला जातो. पहाटेच्या अंधारात, ट्रॅक्टरच्या हिंदकळत्या ट्रॉलीत दहा-पंधरा माणसे बसलेली असताना उघडे पाते कोणालाही लागू शकते. जुन्या टायरची किंवा जाड कॅनव्हासची एक पट्टी, दोन दोऱ्या, एवढ्यात पात्याचे म्यान तयार होते.

महाराष्ट्राच्या खेड्यातही रोज खिशात किंवा कमरेला राहणारे छोटे अवजार नव्हते असे नाही. पान-सुपारी, कात, चुन्याची डबी सांभाळणाऱ्या चंचीत अडकित्ता असायचा. तो सुपारी फोडायचा आणि वेळप्रसंगी दोराही कापायचा. वडवणीच्या शेतकऱ्याजवळ आज पाहिले तर पक्कड, टेस्टर आणि मोटारसायकलच्या डिकीत एखादा चाकू सापडतो. ठिबकची नळी कापायची, दावे तोडायचे, खताच्या गोणीची शिवण उसवायची, मोटारीच्या स्टार्टरमधली तार सोलायची, अशी त्याची कामे असतात.

या कामांसाठी जगाने जी साधने घडवली, त्यांचा इतिहास पाहण्यासारखा आहे. फ्रान्सच्या साव्हॉ प्रांतात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये लाकडी मुठीचा एक साधा घडीचा चाकू केला. तो शेतकऱ्यांचा चाकू म्हणूनच वाढला. १९५५ मध्ये त्याला फिरते कडे बसवून पाते अडकवण्याची सोय झाली. चाकू बोटांवर मिटण्याचा धोका त्याने टळला. स्वित्झर्लंडच्या सैन्याला सैनिकाजवळ असे अवजार हवे होते ज्याने डबा उघडता येईल आणि नव्या बंदुकीचे स्क्रूही काढता येतील. कार्ल एल्सेनर यांनी १८९१ मध्ये पाते, डबा उघडणी, स्क्रूड्रायव्हर आणि भोक पाडणारी टोचणी असलेला चाकू सैन्याला पुरवला. आजच्या लाल मुठीच्या स्विस चाकूचे मूळ तिथे आहे. अमेरिकेचे टिम लेदरमन १९७५ मध्ये जुन्या मोटारीतून युरोपात फिरत होते. गाडी आणि हॉटेलांतले नळ दुरुस्त करताना त्यांना चाकूपेक्षा पक्कड जास्त लागली. त्यांनी पकडीभोवती बाकीची अवजारे गुंफली आणि १९८३ मध्ये ते साधन बाजारात आले.

या तिन्ही साधनांत आधी काम ठरले, मग अवजार. खिशातला चाकू घेणाऱ्या मराठी वाचकाने हाच क्रम पाळावा. फळे, दोरी, खोके, गोणी एवढेच काम असेल तर सहा-आठ सेंटिमीटरचे, घडी घालता येणारे, अडकण असलेले एक पाते पुरते. पावसात आणि रसात वापर असेल तर न गंजणारे पोलाद घ्यावे. धार स्वतः काढायची सवय असेल तर साधे कार्बनचे पोलाद लवकर धार घेते. पाइप, तारा, नट-बोल्ट यांचे काम असेल तर पक्कड असलेले साधन घ्यावे. मात्र अशा बहुतेक साधनांच्या मुठी धातूच्या असतात. विजेचा त्यांना काहीच अटकाव नसतो. पंपाच्या मोटारीच्या पेटीत, फेज चालू असताना, ते साधन कधीही घालू नये. तिथे रबरी मुठीची पक्कडच हवी, आणि तीही वीज बंद करून.

कायदा आणि भीती

२०२२ च्या अखेरीपासून पुण्याच्या बातम्यांमध्ये कोयता हा शब्द एका वेगळ्याच अर्थाने झळकू लागला. हातात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळक्यांना ‘कोयता गँग’ असे नाव पडले आणि पोलिसांनी कोयत्यांच्या विक्रीवरही लक्ष ठेवायला सुरुवात केली. ज्या शहरात ही दहशत झाली, त्याच शहराच्या आसपासच्या कारखान्यांचा ऊस वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासारच्या माणसांचे कोयते तोडतात. गुंडाच्या हातातले पाते आणि तोडकऱ्याच्या हातातले पाते यांत कायदाही फरक करतो.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाने शस्त्राची व्याख्या करताना निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी घडवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या परिशिष्टात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू आणि तत्सम हत्यारे येतात. तिथेही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक उपयोगाच्या वस्तूंना अपवाद आहे. पण हा अपवाद म्हणजे कुठेही पाते मिरवण्याचा परवाना नव्हे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण, निवडणूक, तणाव अशा काळात शस्त्र बाळगण्यावर बंदीचे आदेश निघतात आणि ते मोडल्यास कलम १३५ खाली शिक्षा होऊ शकते.

व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. कोयता कामाला जाताना आणि कामावरून येताना, गुंडाळून, बाकीच्या सामानासोबत न्यावा. खिशातला चाकू घडी घातलेला असावा. जत्रा, मोर्चा, सभा, न्यायालय अशा ठिकाणी तो घरीच ठेवावा. विमानात हातातल्या पिशवीत छोटासा चाकूही चालत नाही, तो विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात द्यावा लागतो. खटक्यावर उडणारे चाकू हौसेने घेऊ नयेत. शेतीत किंवा घरात त्यांचे काहीच काम नसते.

माणसाचा हिशेब पात्यात

ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम कारखान्याशी करार करतो तो इतक्या कोयत्यांचा. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली जाते ती कोयत्यामागे. ती बहुधा नवऱ्याच्या हाती पडते आणि हंगामभर तोडीतून फिटते. फिटली नाही तर पुढच्या वर्षी तिच्यासाठी पुन्हा निघावे लागते. संप पुकारला की त्यालाही ‘कोयता बंद’ म्हणतात. मजुरीचे दर साखर संघ आणि कामगार संघटनांच्या वाटाघाटीत ठरतात. शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे यांच्या लवादाने ही बोलणी वर्षानुवर्षे हाताळली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. टनाला सुमारे २७४ रुपयांचे ३६७ झाले. मुकादमाचे कमिशन १९ वरून २० टक्क्यांवर गेले.

दोन टन तोडणाऱ्या जोडीला या दराने दिवसाचे सव्वासातशेच्या आसपास मिळतात. ते दोघांचे. म्हणजे माणशी साडेतीनशेच्या आसपास, आणि कामाचे तास बारा किंवा त्याहून जास्त. कोयता, कानस, मूठ, धार हा खर्च सहसा त्याच पैशातून होतो. आजारी पडून खाडा झाला तर तो दिवस उचलीत वाढतो.

बाई अर्धा कोयता म्हणून मोजली जाते, पण तिचे अर्धे दाम तिच्या हाती क्वचितच येते. तिच्या शरीराने मोजलेली किंमत २०१९ मध्ये जगासमोर आली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या आकडेवारीनुसार बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. पाळीच्या दिवसांतही ओझे उचलायचे, फडाजवळ शौचालय नाही, पाणी नाही आणि खाडा परवडत नाही, अशी परिस्थिती या आकड्यांमागे आहे. पात्याच्या वजनाचा आणि मुठीच्या घेराचा विचार या बाईच्या हातापासून सुरू झाला पाहिजे, असे म्हणण्याचे कारण हेच आहे.

ही व्यवस्था उभी राहण्यामागे महाराष्ट्राचा साखरेचा इतिहास आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस वाढला, तोडायला माणसे लागली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावांचे कंबरडे मोडले आणि माणसे मोठ्या संख्येने तिकडे वळली. पुढे तेलगाव, माजलगावसारख्या वडवणीच्या शेजारच्या ठिकाणीही कारखाने आले. तरी स्थलांतर थांबले नाही.

आता तोडणी यंत्रे येत आहेत. २०२३ मध्ये राज्यात अशा यंत्रांसाठी किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढे अनुदान देण्याची योजना आली. यंत्राला रुंद सरी लागते, मोठे सलग क्षेत्र लागते, कोरडी जमीन लागते. लहान तुकड्यांत आणि ओल्या वावरात माणसाच्या हातातला कोयताच चालतो. दुसरीकडे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवान बाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना सुरू झाली आहे. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे असा तिचा आराखडा आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळही स्थापन झाले आहे. मुले वसतिगृहात टिकली तर पुढच्या पिढीच्या हातातले पाते बदलेल. ते पाते खिशात राहणारे असेल, कामापुरते बाहेर येणारे.

तोवर कोयता आहेच. दर दिवाळीत तो उसाच्या फडात चालू असतो. ज्यांच्या शेतात टोळी येते त्या शेतकऱ्यांना आणि कारखान्यांच्या शेती विभागांना त्याचा धोका कमी करण्यासाठी फार काही करावे लागणार नाही. टोळी उतरली की पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन धनुर्वाताची लस द्यावी. फडाच्या बांधावर पट्टी, जंतुनाशक आणि स्वच्छ पाणी असलेली पेटी ठेवावी. ट्रॉलीत चढण्याआधी प्रत्येक कोयत्याला म्यान आहे का, हे मुकादमाने पाहावे. आणि पुढच्या वर्षी कोयते विकत घेताना बायकांना सोबत न्यावे, मूठ त्यांच्या हाताला लावून पाहावी आणि कोयता त्यांनाच निवडू द्यावा.